रिपोर्टवरचं ‘नॉर्मल’ कुणाचं?

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारी आमचं कारेगाव. एमआयडीसी आली तशी ज्वारी-बाजरीच्या रानांत भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. बीड, लातूर, परभणी, नांदेड, पार बिहारपर्यंतची पोरं कंपनीत कामाला आली आणि इथेच राहिली. या गावात मी रक्त तपासते. मी डॉक्टर नाही, औषध सांगणं माझं काम नाही. पण रिपोर्ट हातात पडला की माणूस पहिला प्रश्न मलाच विचारतो, ‘ताई, नॉर्मल आहे ना?’ लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीबाबत या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्याची कारणं जशी मला उमगत गेली तशी इथे लिहिते आहे.

१. चरबी दुखत नाही, म्हणून कुणी येत नाही

ताप आला की माणूस येतो. लघवीला जळजळ झाली की येतो. रक्तातली चरबी बघायला आपणहून आलेला माणूस विरळाच. एलडीएल, म्हणजे जिला लोक ‘वाईट चरबी’ म्हणतात ती, १७० असलेला आणि ७० असलेला असे दोघं माझ्यासमोर खुर्चीत बसले, तर चेहऱ्यावरून मला काडीचा फरक कळणार नाही. त्यांना स्वतःलाही कळत नाही.

एलडीएलचे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात आणि तिथेच अडकतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, त्याही चरबीने फुगून तिथेच राहतात, आणि वर्षानुवर्षं थर चढत जातो. १९५३ साली अमेरिकन डॉक्टरांनी कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० सैनिकांची हृदयं तपासली. पोरांचं सरासरी वय २२ होतं आणि चारांतल्या तिघांच्या हृदयधमन्यांत या रोगाच्या खुणा होत्या. त्यांतल्या कुणाच्या छातीत कधी कळ आली असेल असं वाटत नाही. पुढे कधीतरी असा थर वरून फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. आपण त्याला ‘अचानक आलेला अ‍ॅटॅक’ म्हणतो. त्यात अचानक असते ती फक्त शेवटची गुठळी.

गावात आशाताई ३० वर्षांपुढच्यांचे फॉर्म भरतात, बीपी आणि शुगर बघतात, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चौकशी करतात. फार मोलाचं काम आहे ते. पण रक्तातली चरबी त्या यादीत नाही. ती तपासणी आपण मागून घ्यावी लागते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली भारतासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पहिली तपासणी वयाच्या १८ व्या वर्षी करावी असं म्हटलं आहे. आमच्याकडे पहिली तपासणी बहुतेकांची चाळिशीनंतर, तीही दुसऱ्याच कशासाठी तरी दवाखान्यात गेल्यावर होते.

२. अंगावर मांस नाही, याचा भरवसा धरू नये

‘आमच्या अंगावर मूठभर मांस नाही, चरबी कुठून येणार?’ उन्हात रापलेली, गालफडं बसलेली माणसं मला हे अगदी मनापासून विचारतात. त्यांचं चुकत नाही. चरबी म्हटलं की आपल्यासमोर पोट सुटलेला शेठ उभा राहतो. पण या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं मोठं काम याच जिल्ह्यात झालं आहे, आणि ते आमच्या लोकांना माहीत नाही याची मला हळहळ वाटते.

आमच्याच शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला, डॉ. बानू कोयाजींनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम १९७०च्या दशकात उभं केलं. त्याच केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या बाया. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगात चरबीचा वाटा जास्त, आणि तोही जन्मापासून.

२००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांची उंची-वजनाची पट्टी, म्हणजे बीएमआय, अगदी सारखी, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ज्या माणसाने आयुष्यभर हा विषय अभ्यासला, त्याने स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून पुढे केलं. मला हे फार मोठं वाटतं.

हेच रक्तातही दिसतं. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या लोकांची तपासणी झाली, त्याचे आकडे २०१४ साली आले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक १३.९ टक्के होते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली आणखी एक चरबी, वाढलेले २९.५ टक्के. आणि एचडीएल, म्हणजे जिला लोक ‘चांगली चरबी’ म्हणतात ती, कमी असलेले ७२.३ टक्के. काही ना काही बिघाड असलेले १०० मागे ७९ निघाले. नुसतं एकूण कोलेस्टेरॉल बघितलं असतं, तर यांतले बहुतेक ‘नॉर्मल’ म्हणून घरी गेले असते. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अ‍ॅटॅक साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या जगापेक्षा जवळपास सहा वर्षं आधी. त्या अभ्यासात धोक्याच्या कारणांत सगळ्यात वर दोनच गोष्टी होत्या. रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण आणि तंबाखूचा धूर.

३. छापील रकाना सगळ्यांसाठी एकच असतो, माणसं नसतात

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि तो जिवावर बेततो.

रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी एक रकाना असतो. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत, एलडीएल १०० च्या आत उत्तम, १०० ते १२९ जवळपास उत्तम. हे पट्टे अमेरिकेच्या २००१ सालच्या सूचनांमधून आले आहेत आणि सॉफ्टवेअरमध्ये बसले आहेत. आकडा त्यांच्या बाहेर गेला तरच तो ठळक छापला जातो. मशिनला माणूस माहीत नसतो. त्याला शुगर आहे का, तो बिडी ओढतो का, त्याला स्टेंट बसला आहे का, यांतलं काहीही त्या कागदाला ठाऊक नसतं.

एक आण्णा होते. फुले जनआरोग्य योजनेतून अ‍ॅन्जिओप्लास्टी झालेली. वर्षभराने तपासणीला आले, एलडीएल ९६. कुठेही ठळक अक्षर नाही. मुलगा खूश झाला, ‘आण्णा, सगळं नॉर्मल. आता गोळ्या कमी करू.’ मी त्याला खुर्चीवर बसवलं. २०२४ च्या भारतीय सूचनांप्रमाणे धोका कमी असलेल्या माणसाचं एलडीएल १०० च्या खाली असावं. धोका जास्त असेल, शुगर असलेले पुष्कळ जण यात येतात, तर ७० च्या खाली. आणि ज्याला अ‍ॅटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसला आहे, त्याचं ५५ च्या खाली. आण्णांचा ९६ हा आकडा माझ्या पुतण्याला चालला असता. आण्णांना चालणारा नव्हता. ते रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले, तिथे गोळ्या कमी व्हायच्या ऐवजी एक वाढली.

हा आकडा खाली नेण्याचा फायदा मोजून झालेला आहे. एलडीएल साधारण ३९ ने उतरवलं आणि तसंच ठेवलं, तर काही वर्षांत अ‍ॅटॅक, लकवा, बायपास अशी संकटं सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात. लाखाच्या वर रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब आहे तो. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, डॉक्टरांना ‘नॉर्मल आहे का’ असं विचारूच नका. ‘माझं एलडीएल किती असायला हवं?’ असं विचारा आणि तो आकडा पेनाने रिपोर्टवर लिहून आणा.

४. एक वजाबाकी घरी करता येते

एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. जे उरतं ते नॉन-एचडीएल. धमनीत शिरू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं, एलडीएलचंही आणि ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांचंही. समजा कंपनीतल्या एखाद्या मुलाचा रिपोर्ट असा आहे. एकूण १९०, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड २४०. एकूण २०० च्या आत आहे म्हणून तो हसत निघतो. एलडीएल आलं ११०, तेही कागदावर ‘जवळपास उत्तम’. पण १९० मधून ३२ गेले, उरले १५८. धोका कमी असलेल्या माणसाचंही नॉन-एचडीएल १३० च्या खाली असायला हवं.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पुष्कळ लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात. एकूणमधून एचडीएल वजा, त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या साथीदारांनी दिलेलं हे सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की चालत नाही. नॉन-एचडीएलला ती अडचण नाही, आणि आपल्याकडे ट्रायग्लिसराइड वाढलेली माणसं इतकी आहेत की या वजाबाकीचं मोल इथे जास्त आहे.

५. सीरम दुधासारखं दिसलं की मी हातातलं काम थांबवते

रक्त मशिनमध्ये फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर, स्वच्छ पाणी राहतं. ते सीरम. कधीकधी ते दुधासारखं पांढरं येतं. हे ट्रायग्लिसराइड खूप वाढल्याचं लक्षण, बऱ्याचदा हजाराच्याही वर. अशी बाटली मी त्या माणसाला दाखवते. रिपोर्टवरच्या आकड्याने जे होत नाही ते त्या बाटलीने होतं.

ही माणसं बहुतेक तरुण असतात. रात्रपाळी, दिवसाला सात-आठ चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, थंड पेयाची बाटली, आणि आठवड्याची सुट्टी दारूत. ट्रायग्लिसराइडला सगळ्यात जास्त वर नेतात त्या गोष्टी याच. साखर, मैदा, दारू, ताब्यात नसलेली शुगर. तेलकट बंद केलं तरी आकडा हलत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी चहा मोजायला सांगते. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं की हृदयाबरोबर स्वादुपिंडाचीही काळजी असते. त्याला सूज आली तर पोटात असह्य कळ येते आणि माणूस दगावूही शकतो. असा रिपोर्ट उद्यावर ढकलायचा नसतो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा असतो.

यात दिलासाही आहे. या चरबीइतकी झपाट्याने उतरणारी दुसरी नाही. दारू आणि साखर खरोखर थांबवली तर काही आठवड्यांत तेच सीरम स्वच्छ येतं.

६. कधी तपासावं

पहिल्या तपासणीला उपाशीपोटी येण्याची सक्ती आता राहिलेली नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तर मात्र बारा तासांच्या उपासानंतर पुन्हा बघतात. उपास म्हणजे पाणीही नाही असं समजून बाया चक्कर येईपर्यंत तशाच बसतात. पाणी चालतं. ताप, मोठं ऑपरेशन किंवा अ‍ॅटॅक येऊन गेल्यावर पहिल्या दिवसानंतर कोलेस्टेरॉल काही आठवडे खोटं कमी दिसतं, त्या आकड्यावर विसंबू नये. बाळंतपणाच्या सुमाराला ते वाढलेलं असतं, त्याने घाबरू नये.

७. बोकडावर खापर फोडून रोजचं तेल सुटत नाही

जत्रेतल्या मटणाबद्दल मला शंभरदा विचारतात. वर्षातल्या एका ताटाने काही होत नाही. रोजच्या ताटात काय आहे ते बघावं. गाड्यावरचं भजं, वडापाव, मेसमधली तर्री, बेकरीची खारी. पामतेल स्वस्त म्हणून सगळीकडे तेच, आणि त्यातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे यकृताला रक्तातलं एलडीएल उचलू न देणारी. पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं मोठ्या अक्षरात छापतात. कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी त्याहून वाईट, एलडीएल वाढवणारी आणि एचडीएल घटवणारी. २०२२ च्या जानेवारीपासून सरकारने तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली हे चांगलं झालं, पण पुन्हा पुन्हा उकळलेल्या कढईवर कोण नजर ठेवणार?

आमच्या या भागात रब्बीच्या ज्वारीत करडईच्या ओळी असायच्या. करडईचं तेल, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, हुलग्याचं माडगं, मटकी. करडईच्या तेलात संपृक्त चरबी फार थोडी, जवसात ओमेगा-३, कडधान्यांत कोलेस्टेरॉल बाहेर टाकायला मदत करणारा चोथा. हे सगळं आम्ही गरिबीचं जेवण म्हणून टाकून दिलं. कंपनीतल्या पोरांच्या डब्यात ते परत यावं असं मला फार वाटतं.

तरीही खरं ते सांगते. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. खाण्यात नीट बदल केला तर एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं. १२० वाल्याला ते पुरेल. १९० वाल्याला पुरणार नाही, आणि त्याने लसणाच्या पाकळ्यांवर दोन वर्षं घालवू नयेत.

८. गोळी चालू असताना आलेला आकडा गोळीमुळे आलेला असतो

‘नॉर्मल आलं, म्हणून बंद केली.’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता गोळी चालू आहे का हे मी सुई लावण्याआधीच विचारते. स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारी ही गोळी, बंद केल्यावर काही आठवड्यांत एलडीएल होतं तिथे परत जातं. ताप उतरला की गोळी थांबते, हा हिशेब इथे लागू नाही.

या गोळीमागे मोठी तपश्चर्या आहे. जपानचे अकिरा एन्डो यांनी हजारो बुरश्या तपासून १९७०च्या दशकात पहिलं स्टॅटिन शोधलं. यकृत रक्तातलं एलडीएल कसं उचलतं हे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी उलगडलं, त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. तरी डॉक्टरांच्या मनात किंतु होता. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले आणि तो वाद मिटला.

लोकांना भीती असते ती अंगदुखीची. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण २०२० साली लंडनमध्ये, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या लोकांना काही महिने खरी, काही महिने नकली आणि काही महिने कसलीच गोळी न देता पाहिलं. खऱ्या गोळीवर जो त्रास जाणवला, त्यातला ९० टक्के नकली गोळीवरही जाणवला. दुखणं जोराचं असेल, लघवी गडद होत असेल, तर डॉक्टर सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली आहे का ते, तपासायला सांगतात, ती तपासणी साधी आहे. डोस बदलता येतो, गोळी बदलता येते, जोडीला एझेटिमाइब ही दुसरी गोळी देता येते. नुसता डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी सहा टक्केच उतरतं, म्हणून डॉक्टर पुष्कळदा दुसरी गोळी जोडतात. त्याने घाबरून जाऊ नये. गरोदर बाईने किंवा मूल हवं असलेल्या बाईने मात्र स्टॅटिनबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं. जनऔषधी केंद्रात ही औषधं स्वस्तात मिळतात, तेव्हा पैशांसाठी कुणी गोळी सोडू नये.

९. एकाला अ‍ॅटॅक आला, तर सगळ्या भावंडांना बोलवा

पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला, तर तो घराण्याचा प्रश्न असू शकतो. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला जन्मजातच एलडीएल जास्त असतं. आकडा १९० च्या वर, कधी टाचेच्या मागच्या शिरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर चरबीच्या गाठी. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. दुसरी एक चरबी आहे, लायपोप्रोटीन-ए. ती आनुवंशिकच असते, खाण्यापिण्याने फारशी हलत नाही, आणि आयुष्यात एकदा मोजली तरी पुरते. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर आली तर बाकीचे आकडे जास्त काटेकोरपणे सांभाळावे लागतात.

कंपनीतला एक मुलगा, वय ३८, मशिनवर उभा असताना छातीत कळ आली. वाचला. त्याच्या पत्नीला मी म्हटलं, दिरांना घेऊन या. दोघं भाऊ आले, एकाचं एलडीएल २०८ निघालं. मी विचारलं, बहीण? बहीण दौंडकडे दिलेली, तिला कुणी कळवलंच नव्हतं. ‘बायांना कुठे अ‍ॅटॅक येतो’ असं सासूबाई म्हणाल्या. पाळी थांबेपर्यंत बायांना थोडं संरक्षण असतं हे खरं, पण घराण्याच्या चरबीपुढे ते पुरत नाही. आठवडाभर फोन चालले, मग ती आली. तिघा भावंडांत सगळ्यात जास्त आकडा तिचा होता, २३१. तिची गोळी सुरू झाली आहे. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचं रक्त दिवाळीच्या सुट्टीत, मामाकडे आली की घ्यायचं ठरलं आहे. मी फोन नंबर लिहून घेतला आहे, नाही आले तर मीच विचारणार आहे.